बाळ सांभाळायचं आईनं, पहिला पालक मात्र बाप

समजा, भोसरी एमआयडीसीत बारा माणसांची एक कंपनी आहे. तिथं अकाउंट्स बघणाऱ्या बाईंना महिना ४०,००० रुपये पगार आहे आणि त्यांना दिवस गेले आहेत. कायद्याप्रमाणे त्यांना २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा मिळेल. त्यांचा नवरा हिंजवडीत नोकरीला आहे. त्याला कायद्यानं एक दिवसही मिळणार नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा असते, पण खासगी नोकरीतल्या बापासाठी देशात तसा कायदाच नाही. कंपनीनं आपणहून दिली तर दिली.

बाळ झालं, मोठं होऊ लागलं, त्याच्या नावानं काही व्यवहार करायची वेळ आली. आता दुसरा कायदा पुढे येतो: हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा, १९५६. त्याचं सहावं कलम सांगतं की अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचे नैसर्गिक पालक वडील, आणि त्यांच्यानंतर आई.

हे दोन कायदे शेजारी शेजारी ठेवून वाचा. कामगार कायद्याच्या लेखी बाळाला सांभाळणं हे एकट्या आईचं काम आहे, म्हणून रजा फक्त तिला. कुटुंब कायद्याच्या लेखी बाळाबद्दल निर्णय घेण्याचा पहिला मान बापाचा आहे, म्हणून पालक आधी तो. राबायचं तिनं, सही त्याची. दोन्ही कायदे वेगळ्या काळात, वेगळ्या खात्यांनी, वेगळ्या कारणांसाठी केले. पण दोन्हींच्या मनात घराचं चित्र एकच आहे: पुरुष कमावतो, बाई घर बघते. राष्ट्रीय कायदे स्त्री-पुरुष समानतेच्या कसोटीला उतरवायचे म्हणजे हे चित्र दोन्हीकडून एकदम पुसावं लागतं. एकीकडून पुसलं आणि दुसरीकडे तसंच ठेवलं, तर सुधारणा अर्धी राहते आणि बऱ्याचदा त्या बाईच्याच अंगावर येते. ते कसं, हे या लेखात सांगायचं आहे.

ही कसोटी कोणाची?

मुख्य कसोटी १९७९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मंजूर केलेल्या कराराची. स्त्रियांविरुद्धचे सर्व प्रकारचे भेदभाव नाहीसे करण्याचा हा करार, ज्याला सगळे 'सीडॉ' म्हणतात. भारतानं त्यावर १९८० मध्ये सही केली आणि १९९३ मध्ये तो रीतसर स्वीकारला. त्याचं अकरावं कलम नोकरीबद्दल आहे, सोळावं लग्न आणि कुटुंबाबद्दल, आणि पाचवं कलम सगळ्यात अवघड गोष्टीबद्दल: बाई कमी आणि पुरुष श्रेष्ठ मानणाऱ्या रूढी बदलण्याबद्दल.

भारतानं करार स्वीकारताना पाचव्या आणि सोळाव्या कलमापाशी एक निवेदन जोडलं. कोणत्याही समाजाच्या खासगी बाबींमध्ये त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय सरकार हस्तक्षेप करणार नाही, असं ते निवेदन आहे. नोकरीच्या बाबतीत आपण जवळजवळ पूर्ण शब्द दिला, घराच्या बाबतीत हात राखून दिला. माझ्या मते पुढची बरीचशी गुंतागुंत इथूनच सुरू होते. समाजाची संमती म्हणजे नेमकी कोणाची? समाजात बायकाही असतात, पण समाजाच्या वतीनं बोलायला पुढे कोण येतं, हे आपल्याला ठाऊक आहे.

आंतरराष्ट्रीय करारावर सही झाली म्हणून देशातला कायदा आपोआप बदलत नाही. संसदेनं कायदा करावा लागतो. तोवर न्यायालयं काय करतात, तर देशातल्या कायद्यात जिथं पोकळी असेल तिथं करारातला अर्थ भरतात. याचं ठळक उदाहरण १९९७ चा विशाखा खटला. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदाच नव्हता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं सीडॉचा आधार घेऊन नियम घालून दिले. संसदेचा कायदा यायला २०१३ साल उजाडलं. मधली १६ वर्षं त्या नियमांवरच निभावली.

समान काम आणि समान मोलाचं काम

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १०० क्रमांकाचा करार १९५१ चा. भारतानं तो १९५८ मध्येच स्वीकारला. त्यात म्हटलं आहे की समान मोलाच्या कामाला स्त्री-पुरुषांना समान मोबदला मिळावा. आपला १९७६ चा समान वेतन कायदा मात्र एवढंच म्हणत होता की 'त्याच किंवा तशाच स्वरूपाच्या' कामाला समान वेतन. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे एकत्र करून केलेल्या चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेनं 'स्त्री आणि पुरुष' या जोडीऐवजी लिंगावरून भेदभाव नको अशी व्यापक भाषा घेतली, ही चांगली गोष्ट. पण कामाचं माप तेच ठेवलं: तेच किंवा तशाच स्वरूपाचं.

यानं काय फरक पडतो, ते चाकणला दिसतं. गाड्यांच्या वायरिंगचे जुडगे बांधणाऱ्या लाइनवर बहुतेक मुली असतात. बारीक तारा, रंगांचे क्रम, शंभर टक्के अचूकपणा, आठ तास उभं राहणं. पलीकडे मशिनवर बहुतेक मुलगे. समजा, एका शेडमध्ये मुलींचं पद 'हेल्पर' आहे आणि मुलांचं 'ऑपरेटर'. दोघांचं काम एकसारखं नाही, त्यामुळे 'तशाच स्वरूपाचं काम' या मापानं मुलींना तक्रारच करता येत नाही. मोल मोजायचं ठरलं तर प्रश्न बदलतो: कौशल्य किती लागतं, जबाबदारी किती, श्रम किती, चूक झाली तर नुकसान किती? मग अकुशल समजल्या जाणाऱ्या कितीतरी बायका कुशल ठरतील. हे मोजणं अवघड आहे, हे खरं. पण कंपन्या वेतनश्रेणी ठरवताना पदांची मोजमापं करतातच. तीच फूटपट्टी बायकांच्या लाइनवर लावायची आहे.

१९८७ साली मुंबईतल्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतल्या स्त्री लघुलेखिकांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. पुरुष लघुलेखकांपेक्षा त्यांना पगार कमी. कंपनीचं म्हणणं, आमची आर्थिक स्थिती नाही. न्यायालयानं सांगितलं, परवडत नाही हे असमान वेतनाचं कारण होऊ शकत नाही. तिथं काम एकसारखं होतं म्हणून निकाल सरळ लागला. चाकणच्या लाइनवरच्या मुलींना तो तसाच लागू पडत नाही.

प्रसूती रजेचे पैसे कोणी द्यायचे?

आता पुन्हा भोसरीच्या त्या कंपनीकडे. पगार महिना २१,००० रुपयांच्या आत असता आणि कंपनीला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू असतं, तर रजेचा पगार ईएसआयच्या निधीतून आला असता. पगार ४०,००० आहे, म्हणून २६ आठवड्यांचे, म्हणजे सहा महिन्यांचे साधारण २,४०,००० रुपये मालकाला स्वतःच्या खिशातून द्यायचे आहेत. शिवाय तिच्या जागी बदली माणूस ठेवला तर त्याचा पगार वेगळा. बारा माणसांच्या कंपनीला ही रक्कम जड जाते. पुढच्या वेळी मुलाखतीला नुकतंच लग्न झालेली मुलगी आली की मालकाच्या डोक्यात हेच गणित असतं. तो तोंडानं बोलत नाही. तिला फोन येत नाही, एवढंच.

२०१७ मध्ये रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली, ती जगातल्या उदार तरतुदींपैकी आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं किमान माप १४ आठवड्यांचं आहे, म्हणजे आठवड्यांच्या हिशेबात आपण पुढे आहोत. पण त्याच संघटनेच्या २००० सालच्या १८३ क्रमांकाच्या करारातली दुसरी अट आपण घेतली नाही. ती अशी की खर्चाचा थेट बोजा एकट्या मालकावर टाकू नये. तो सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून यावा. भारतानं हा करार स्वीकारलेला नाही.

ही कल्पना बाहेरून आलेली आहे असं कोणी समजू नये. १९२८ मध्ये मुंबई विधान परिषदेत प्रसूती लाभाचं विधेयक चर्चेला आलं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना हीच गोष्ट मांडली होती: आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून याचा मोठा भार सरकारनं उचलायला हवा. १९२९ चा मुंबई इलाख्याचा प्रसूती लाभ कायदा त्यातून झाला. भार मात्र मालकावरच राहिला. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा आला, आता सामाजिक सुरक्षा संहिता आली, तरी ईएसआयच्या बाहेरच्या बायकांसाठी तो अजून तिथंच आहे.

पितृत्व रजेचा प्रश्न याच गणिताशी बांधलेला आहे. मूल झाल्यावर रजेवर जाणार ती बाईच, हे पक्कं असेल तोवर मालकाला बाई महाग वाटणार. बापही सक्तीनं काही आठवडे घरी बसणार असेल, तर मालकाला मुलगा आणि मुलगी यांच्यात निवड करायचं कारण कमी होतं. म्हणूनच मला पितृत्व रजा ही बापाला दिलेली सवलत वाटत नाही. ती आईच्या नोकरीचं संरक्षण आहे.

रात्रपाळीबद्दल थोडक्यात. १९४८ च्या कारखाने कायद्यानं बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम करायला बंदी केली होती. हेतू चांगला असेल, पण रात्रपाळीचा भत्ता आणि बढती दोन्ही त्यात गेले. नव्या संहितेत बाईच्या संमतीनं आणि सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळी करता येते. अटी कागदावर राहिल्या तर काय होतं, हे पुणेकरांना २००७ साली कळलं. बीपीओमध्ये रात्रपाळीला निघालेल्या एका तरुणीवर कंपनीच्या गाडीच्या चालकानं आणि त्याच्या साथीदारानं अत्याचार करून तिचा खून केला. बंदी उठवणं हा समानतेचा अर्धा भाग आहे. गाडी, चालकाची पडताळणी, शेवटी उतरणाऱ्या मुलीसोबत कोणीतरी असणं, हा उरलेला.

आणि हे सगळं ज्यांना मालक आहे, हजेरीपट आहे, पगारपत्रक आहे त्यांच्यासाठी. कोथरूड, औंध, बाणेरच्या सोसायट्यांमध्ये रोज चार-पाच घरी धुणीभांडी आणि पोळ्या करणाऱ्या ताईंना यातलं फारसं काही लागू होत नाही, कारण कायद्याच्या भाषेत घर म्हणजे आस्थापना नव्हे. पुण्यात मोलकरणींची संघटना १९८० च्या सुमारास उभी राहिली, कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये. महाराष्ट्रानं २००८ मध्ये घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. केंद्राचा स्वतंत्र कायदा अजून नाही, आणि घरकामगारांबद्दलचा २०११ चा आंतरराष्ट्रीय करार भारतानं स्वीकारलेला नाही. एक गोष्ट मात्र प्रत्येक ताईला माहीत असायला हवी: २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा घरकामगारालाही लागू आहे. कंपनीत अंतर्गत समिती असते, तशी जिल्ह्याला स्थानिक समिती असते, आणि तक्रार तिथं तीन महिन्यांच्या आत करायची असते. पुरेसं कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांची मुदत देऊ शकते.

घरातलं काम कुठं मोजलं जातं?

सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असं दिसलं की विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८ मिनिटं. जवळजवळ पाच तास आणि दीड तास. यात मुलांची, आजाऱ्यांची आणि म्हाताऱ्यांची काळजी घेण्याचा वेळ वेगळा धरला आहे.

या पाच तासांचे पैसे कायदा कधी मोजतो? बाई अपघातात गेली तर. मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईत गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न धरावं, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ च्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात ठासून सांगितलं. पण तीच बाई जिवंत असताना घटस्फोटासाठी शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात उभी राहिली, तर वीस वर्षांच्या संसारात घेतलेला, नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असलेला फ्लॅट नवऱ्याचाच राहतो. तिला पोटगी मागता येते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली राहत्या घरात राहण्याचा हक्क मागता येतो. पण हप्ते त्यानं भरले आणि घर तिनं चालवलं, म्हणून मालमत्तेत तिचा वाटा, असं म्हणायला आपल्याकडे कायदा नाही. गोव्याच्या नागरी कायद्यात पती-पत्नींच्या सामाईक मालमत्तेची कल्पना आहे, महाराष्ट्रात नाही. घटस्फोटाच्या वेळी नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोला वाटा देणारं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं, पण पुढे ते बारगळलं. सीडॉ कराराच्या पालनावर लक्ष ठेवणाऱ्या समितीनं १९९४ मध्येच शिफारस केली होती की संसारातलं पैशांशिवायचं योगदान आणि कमाई यांना सारखंच वजन द्या.

नोकरी सोडून घरी थांबलेल्या बाईचं नुकसान इथं दुहेरी होतं. नोकरी सोडली ती पाळणाघर नव्हतं म्हणून किंवा बापाला रजा नव्हती म्हणून. हा कामगार कायद्याचा भाग. आणि सोडल्यामुळे नावावर काही नाही. हा कुटुंब कायद्याचा. एकच बाई दोन वेगवेगळ्या खिडक्यांवर उभी राहते आणि दोन्हीकडे तिला उत्तर मिळतं की हा आमचा विषय नाही.

पालकत्वाच्या कलमाचं काय झालं, तेही सांगायला हवं. आईच्या सहीनं मुलाच्या नावे बाँड घ्यायला रिझर्व्ह बँकेनं नकार दिला, त्यावरून गीता हरिहरन यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९९९ मध्ये न्यायालयानं 'त्यांच्यानंतर' याचा अर्थ 'वडिलांच्या मृत्यूनंतर' असा न घेता 'वडील नसताना किंवा लक्ष घालत नसताना' असा लावला, आणि तो लावताना सीडॉचा आधार घेतला. आईला वाट मिळाली. पण कलमातले शब्द तसेच आहेत. २०१५ मध्ये विधी आयोगानं ते बदलायला सांगितलं, तरीही आहेत. महाराष्ट्रानं १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर नावापुढे आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावायचा नियम केला. चांगला नियम आहे. आईचं नाव कागदावर आलं. पालक म्हणून तिचा क्रम बदलायला संसदच लागेल.

वर पालकत्वाचा जो कायदा आला तो हिंदूंचा. प्रत्येक धर्माच्या कुटुंब कायद्यात अशा जागा आहेत. १८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाई सात मुस्लीम स्त्रियांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर गेले, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. १९७० मध्ये पुण्यात मुस्लीम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. तोंडी तिहेरी तलाक रद्द व्हायला २०१७ साल लागलं. समान नागरी कायद्याचा वाद सुरू झाला की अशा एकेका कलमाची चर्चा मागे पडते. सगळ्यांसाठी एक कायदा करताना तो कोणाच्या चित्रावरून करायचा, हा प्रश्न उरतोच. आणि पुरुषाला झुकतं माप देणारा कायदा सगळ्यांना सारखा लागू केला तर तो समान होतो, समतेचा होत नाही. प्रत्येक कायद्यातलं बोचणारं कलम आधी काढायला कोणाची वाट बघायची गरज नाही.

वारसा: कायदा सुधारला तिथं आणि राहिला तिथं

वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा, हे महाराष्ट्रानं देशाच्या आधी, १९९४ मध्ये केलं, फक्त त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीनं ती अट गेली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही. कागदावर इथं सगळं जुळलं आहे.

पण मुळशी-हवेलीत जमिनींचे भाव वाढले तशी हक्कसोडपत्रंही वाढताना दिसतात. वडील गेले, वारसनोंदीत बहिणींची नावं लागली, की भाऊ गाडी करून बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात घेऊन येतो. साडीचोळी होते, जेवण होतं, आणि सातबाऱ्यावरून त्यांचं नाव उतरतं. सही न करणाऱ्या बहिणीला माहेर तुटण्याची भीती असते आणि ती भीती खोटी नसते. सीडॉचं पाचवं कलम याबद्दलच आहे, ज्यापाशी आपण हात राखला. हक्क सोडायला नको म्हणणाऱ्या बहिणीनं सही करू नये. कोणीही तिला सक्ती करू शकत नाही, आणि एकदा नोंदलेलं हक्कसोडपत्र मागे घेणं फार कठीण असतं.

जिथं कायदाच सुधारायचा राहिला, ती जागा म्हणजे हिंदू वारसा कायद्याचं पंधरावं कलम. कोथरूडमध्ये स्वतःच्या पगारातून वन बीएचके घेतलेली विधवा बाई आहे असं धरा. मूलबाळ नाही. मृत्युपत्र नाही. म्हातारे आईवडील तिच्याजवळ राहतात. ती गेली तर फ्लॅट कोणाला? आईवडिलांना नाही. कलमातला क्रम असा: आधी मुलं आणि नवरा, मग नवऱ्याचे वारस, आणि नवऱ्याचे कोणी वारस नसतील तरच आईवडील. म्हणजे तिनं कधी पाहिलेला नसेल असा दिराचा मुलगा तिच्या सख्ख्या आईच्या आधी येतो. हाच फ्लॅट तिच्याऐवजी तिच्या भावाच्या नावावर असता, तर त्याची आई पहिल्या वर्गातली वारस ठरली असती.

२००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अगदी असंच प्रकरण आलं होतं. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा वारला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली आणि तिनं पैसे साठवले. ती गेल्यावर ते सगळं नवऱ्याकडच्या नातेवाइकांना मिळालं. कायद्याचे शब्द स्पष्ट आहेत, केवळ सहानुभूतीवर निकाल देता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. त्याच्या आदल्याच वर्षी, २००८ मध्ये, विधी आयोगानं हे कलम बदलायची शिफारस केली होती. कलम तसंच आहे.

ते बदलेपर्यंत ज्या बाईच्या नावावर स्वतःच्या कमाईचं काही आहे, मग तो फ्लॅट असो, मुदतठेव असो की दागिने, तिनं मृत्युपत्र करावं. ते साध्या कागदावर चालतं, मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. आपली सही दोन साक्षीदारांसमोर करायची आणि त्या दोघांनी आपल्यासमोर सह्या करायच्या. ज्याला काही देणार असाल त्याला साक्षीदार करू नका. आणि बँकेत किंवा सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे काम झालं असं समजू नका. नॉमिनी पैसे आणि घर ताब्यात घेतो, वारस ठरतो तो मृत्युपत्रानं किंवा कायद्यानं.